रेलवरच्या रॉडला कपॅसिटर लावला की तो 'जड' होतो, ते गणित कसं सोडवायचं

बारावीच्या इंडक्शनमधला रेलवरून सरकणारा रॉड आठवतोय ना, रेझिस्टर लावला की त्याला ब्रेक लागतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण तिथे कपॅसिटर आला की भल्याभल्यांची गाडी अडते कारण सवयीने इथेही टर्मिनल व्हेलॉसिटी, म्हणजे शेवटी स्थिर होणारा वेग, शोधत बसतात. ती इथे नसतेच.

आकडे घेऊनच बघू. उभ्या रेलवर 10 ग्रॅमचा रॉड, रेलमधलं अंतर 20 सेंटीमीटर, मॅग्नेटिक फील्ड 0.5 टेस्ला, वर दोन्ही रेलना जोडलेला 1 फॅरडचा कपॅसिटर, रेझिस्टन्स शून्य धरा. आधी बीएल, म्हणजे फील्ड गुणिले रेलमधलं अंतर, काढून ठेवा, 0.5 × 0.2 = 0.1, हाच आकडा पुढे सारखा लागतो. व्होल्टेज म्हणजे बीएल गुणिले वेग, चार्ज त्याच्या सी (कपॅसिटन्स) पट, आणि करंट म्हणजे चार्ज बदलायचा दर, म्हणून करंट = सी × बीएल × त्वरण. गंमत इथेच आहे बघा, करंट वेगावर नाही तर त्वरणावर ठरतोय, म्हणजे रॉडला मागे ओढणारं बलपण त्वरणाच्या प्रमाणात, आणि तसा विरोध करणं हे तर वस्तुमानाचं काम! म्हणून ती टर्म उचलून एमच्या (रॉडच्या वस्तुमानाच्या) शेजारी बसवायची:

इफेक्टिव्ह वस्तुमान = एम + (बीएल)² × सी

इथे जादाचे 0.01 किलो, म्हणजे 10 ग्रॅम, मिळून 20 झाले. पण पृथ्वी ओढते खऱ्या 10 ग्रॅमलाच, त्यामुळे त्वरण 9.8 चं निम्मं, 4.9. इथे दोन्हीकडे 20 घालायची चूक मी स्वतः केलीय.

उत्तर एनर्जीने तपासा. वेग 2 मीटर प्रतिसेकंद व्हायला रॉड साधारण 41 सेंटीमीटर पडतो, तेवढ्यात 0.04 ज्यूल मिळाले, त्यातले 0.02 रॉडच्या गतीत, 0.02 कपॅसिटरमध्ये. जमलं.

आता सापळा. रेल आडव्या आहेत, थोडा रेझिस्टन्स आहे, रिकामा कपॅसिटर आणि रॉडला 2 चा वेग देऊन सोडलाय, शेवटचा वेग किती? इथे एनर्जी वापरलीत की फसलात. 10 ग्रॅम × 2 = 20 ग्रॅम × वेग असं करा, उत्तर 1, आणि अर्धी एनर्जी उष्णतेत जाते, मग रेझिस्टन्स कितीही छोटा असू दे, दोन गोळे आदळून चिकटावेत तसंच हे. (कपॅसिटरऐवजी इंडक्टर, म्हणजे वायरचं वेटोळं, लावलात तर रॉड स्प्रिंगला बांधल्यासारखा झुलतो, ते तुम्ही काढून बघा.)

आणि काहीच न जोडता नुसती धातूची प्लेट फील्डमधून नेली तरी? चार्ज दोन बाजूंना सरकतो, प्लेटच स्वतःचा कपॅसिटर बनते, फक्त 1 टेस्लाला एका घनमीटरमागे जादा वस्तुमान 8.85 × 10⁻¹² किलो भरतं, म्हणून पेपरात ते सोडून देतात.

हाताला जाणवायला हवं असेल तर हँडलने फिरवायचा छोटा डीसी जनरेटर घ्या. आधी त्याच्या वायरी एकमेकींना जोडून फिरवा, हँडल चिखलात अडकल्यासारखं वाटेल. मग 1 फॅरडचा सुपरकपॅसिटर लावा, पोलॅरिटी बघून हं, आणि त्यावर लिहिलेल्या व्होल्टेजच्या वर जाऊ नका. सुरुवातीला जड जाईल, मग एका वेगाने फिरवत राहिलं की हलकं होत जाईल. आता हँडल सोडून द्या. मला वाटलेलं उलटं फिरेल, पण ते त्याच दिशेने फिरत राहतं.