दूध डेअरीचं जुनं एल्म ॲप ०.१९ वर कसं न्यावं

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, निपाणी, खानापूर या पट्ट्यात अनेक छोट्या धंद्यांचा हिशोब कुणा ओळखीच्या पोरानं करून दिलेल्या वेब ॲपवर चालतो. डेअरीचं दहा दिवसांचं बिल, तंबाखूच्या वजनाच्या चिठ्ठ्या, बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपची जॉबवर्कची चलनं. करून देणारा पुढे बेंगळुरूला नाहीतर पुण्याला नोकरीला लागतो आणि ॲप आहे तिथंच राहतं. असं एखादं ॲप तुमच्या गळ्यात पडलं असेल, ते एल्ममध्ये लिहिलेलं असेल आणि ०.१८ वर थांबलेलं असेल, तर पुढचं वाचा.

एल्म ही ब्राउझरसाठीची भाषा इव्हान चाप्लिकी यांनी २०१२ मध्ये आणली. ०.१८ ही आवृत्ती नोव्हेंबर २०१६ ची, ०.१९ ऑगस्ट २०१८ ची आणि त्यातल्या त्रुटी दुरुस्त केलेली ०.१९.१ ऑक्टोबर २०१९ ची. आपल्याला ०.१९.१ वर जायचं आहे.

पण जायलाच हवं का, हे आधी ठरवा. एल्मचा कोड शेवटी जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये उतरतो आणि एकदा तयार झालेली फाइल ब्राउझरमध्ये वर्षानुवर्षं चालते. ॲपमध्ये काहीच बदलायचं नसेल तर हात लावू नका, हे माझं स्पष्ट मत. चेअरमननी नवा रकाना मागितला, दरपत्रक बदललं किंवा जुना लॅपटॉप बंद पडला, की मग विषय काढावा. एक फायदा मात्र खरा आहे: ०.१९ न वापरलेली फंक्शनं, लायब्ररीतलीसुद्धा, अंतिम फाइलमधून गाळून टाकतं. खानापूरच्या रानातल्या वाड्यांत, जिथं पावसाळ्यात मोबाइलची रेंज येते-जाते, तिथं लहान फाइलचा फरक जाणवतो.

उदाहरण म्हणून डेअरीचंच ॲप घेऊ. सभासदाचा नंबर, लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन घटक) टाकायचं. दरपत्रकावरून रक्कम निघते. दहा दिवसांनी बिल. पाटी मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत.

पायरी १: जुन्या ॲपकडून पुरावा घ्या

कोडला हात लावण्याआधी, बंद झालेल्या एका दहा दिवसांच्या बिलाची नोंद जुन्या ॲपमधून छापून घ्या. पाच-सहा सभासद पुरेत, पण निवडून घ्या: एक म्हशीचं दूध घालणारा, एक गाईचं, एकाचा मधला दिवस चुकलेला, एकाची रक्कम पूर्ण रुपयात येणारी. नंतर नव्या ॲपमध्ये तेच आकडे टाकून पैशापर्यंत ताळा करायचा आहे. सगळा कोड गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) जमा करा आणि चालू असलेली जावास्क्रिप्ट फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा.

दुसरी शिस्त: कोड नव्या आवृत्तीवर नेताना नवीन काही घालू नका. मनात सुधारणा येतील, त्या वहीत लिहा. दोन्ही एकत्र केलं आणि बिल चुकलं, तर चूक कुणाची हे शोधताना डोकं फुटेल.

पायरी २: यंत्राला करता येतं ते यंत्राला करू द्या

एनपीएममधून (जावास्क्रिप्टची साधनं उतरवून घ्यायची सोय) एल्म ०.१९.१, एल्म-फॉरमॅट आणि एल्म-अपग्रेड ही तीन साधनं घ्या. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एल्म-अपग्रेड चालवलं की ते जुनी ‘एल्म-पॅकेज डॉट जेसन’ फाइल वाचून नवी ‘एल्म डॉट जेसन’ बनवतं, ‘एल्म-लँग’ नावाखालची पॅकेजं नव्या ‘एल्म’ नावाखाली आणतं आणि कोडमधली काही जुनी वळणं एल्म-फॉरमॅटकडून बदलून घेतं. ज्या पॅकेजची ०.१९ साठी आवृत्ती नाही ते सांगतं. त्या यादीकडे नीट बघा. छोट्या ॲपमध्ये असं पॅकेज बहुधा एखादंच निघतं आणि त्यातलं एकच फंक्शन वापरलेलं असतं; ते स्वतः लिहून पॅकेज काढून टाकणं सगळ्यात सोपं.

सर्व्हरशी बोलणाऱ्या एचटीटीपीच्या पॅकेजची १.० आवृत्ती जुन्यासारखीच आहे, २.० मध्ये विनंती पाठवायची पद्धतच बदलली. सध्या १.० वरच राहा. २.० वहीत लिहा.

‘एल्म-स्टफ’ फोल्डर पुसून टाका. कोड ‘एसआरसी’ (src) फोल्डरमध्ये नसेल तर तिथं हलवा किंवा एल्म डॉट जेसनमध्ये जागा सांगा. जुनी ‘एल्म-मेक’ आज्ञा गेली, आता ‘एल्म’ लिहून जागा सोडून ‘मेक’. आउटपुटच्या पर्यायानंतर बरोबरचं चिन्ह लावा. बिल्डची जुनी स्क्रिप्ट बहुतेक इथंच अडते.

पायरी ३: कंपायलरच्या मागे मागे चला

आता कंपाइल करा, म्हणजे कोड कंपायलरकडून जावास्क्रिप्टमध्ये उतरवून घ्या. चुकांची रांग लागेल. घाबरू नका, एल्मचा कंपायलर ओळ दाखवून, साध्या भाषेत, बहुधा उपायासकट बोलतो. पहिली चूक दुरुस्त करा, पुन्हा चालवा.

मुख्य प्रोग्रॅमची सुरुवात एचटीएमएल मॉड्यूलमधून ब्राउझर मॉड्यूलमध्ये गेली आहे. पानाच्या एका कोपऱ्यात बसणाऱ्या ॲपला ‘ब्राउझर डॉट एलिमेंट’, अख्खं पान घेणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’, पत्ता बदलत अनेक पानं दाखवणाऱ्याला ‘ॲप्लिकेशन’. डेअरीच्या ॲपला एलिमेंट पुरतं. स्टाइल आता यादी घेत नाही, गुण आणि किंमत असे दोन शब्द घेते. तीनपेक्षा जास्त घटकांचे टपल (कंसात नुसत्या ओळीनं ठेवलेल्या किमती) बंद, त्यांचे नावं दिलेले रेकॉर्ड करा. फ्लिप, करी, अनकरी ही तयार फंक्शनं गेली. बाहेरचं नाव आत पुन्हा वापरता येत नाही. स्वतःची चिन्हं बनवता येत नाहीत. हे सगळं कंटाळवाणं आहे, अवघड नाही.

कुठल्याही किमतीचा मजकूर करणाऱ्या ‘टू-स्ट्रिंग’पाशी मात्र थांबा. हे फंक्शन काढून टाकलं आहे. आकड्यांसाठी ‘स्ट्रिंग डॉट फ्रॉम-इंट’ आणि ‘फ्रॉम-फ्लोट’ आहेत. पण निवडलेली भाषा फोनच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवायला जुन्या लेखकानं मराठी-कन्नड-इंग्रजी या प्रकारावरही सर्रास टू-स्ट्रिंग लावलेलं असतं. तिथं ‘डीबग डॉट टू-स्ट्रिंग’ लावायचा मोह होतो, आणि ते चालतंही. शेवटी ‘ऑप्टिमाइझ’ पर्याय देऊन फाइल बनवायला गेलात की कंपायलर नकार देतो, कारण त्या पर्यायात डीबगला जागा नाही. म्हणून भाषेचं नाव देणारं छोटं फंक्शन हातानं लिहा. स्पेलिंग जुन्या ॲपनं साठवलेलंच ठेवा, नाहीतर कन्नड निवडून बसलेल्या सेक्रेटरींना सकाळी सगळं मराठीत दिसेल आणि त्याचा वेगळाच अर्थ निघेल. आपल्या भागात हे हसण्यावारी जात नाही.

पायरी ४: कंपायलर जिथं गप्प बसतो

कंपाइल झालं म्हणजे झालं, असं एल्मवाले म्हणतात. बहुतांशी खरं आहे. डेअरीच्या हिशोबात मात्र चार जागा अशा आहेत की कंपायलर हूं की चूं करत नाही.

पहिली, वेळ. जुन्या डेट मॉड्यूलला फोनची स्थानिक वेळ आपोआप मिळायची. नव्या टाइम पॅकेजला तारीख काढताना टाइमझोन सांगावाच लागतो, आणि उदाहरणांत बघून लोक सरळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितात. भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत घातलेलं दूध आदल्या तारखेला पडतं. ११ तारखेच्या पहाटेचं दूध १० ला गेलं की ते सरळ आधीच्या बिलात जातं, आणि ते बिल तर वाटून झालेलं असतं. उपाय साधा: ‘कस्टम-झोन’ला ३३० मिनिटं आणि पुढे रिकामी यादी द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत नाही, त्यामुळे एवढं बिनधास्त पुरतं.

दुसरी, बाकी काढणं. टक्क्याच्या चिन्हाऐवजी आता ‘मॉड-बाय’, आणि त्यात भाजक आधी येतो. एकूण पैशांतून रुपयांवरचे पैसे काढायचे तर मॉड-बाय, मग १००, मग रक्कम. उलटं लिहिलंत तरी दोन्ही पूर्णांकच, कंपायलरला काय कळणार? १०० पैशांपेक्षा मोठ्या प्रत्येक रकमेला उत्तर १०० येईल, आणि रक्कम शून्य असेल तर ॲपच कोसळेल. एल्म-फॉरमॅटनं बदललेल्या ओळी बरोबर असतात, हातानं बदललेल्या पुन्हा वाचा.

तिसरी, आकड्यांची लिपी. मजकुरातून आकडा काढणारी फंक्शनं आता रिझल्टऐवजी (आकडा किंवा चुकीचा निरोप) मेबी (आकडा आहे किंवा नाही, एवढंच) देतात, बदल किरकोळ. पण त्यांना फक्त इंग्रजी आकडे कळतात. कुणी मराठी कीबोर्डवरून ‘४.२’ फॅट टाकलं, किंवा कन्नड आकडे टाकले, आणि कोडमध्ये ‘नाही जमलं तर शून्य’ असं लिहिलेलं असलं, तर त्या शेतकऱ्याचं फॅट शून्य. जुन्या ॲपमध्येही हे होतंच, त्यामुळे वहीत लिहा. नंतर करताना एक छोटं फंक्शन पुरतं: युनिकोडमध्ये देवनागरी शून्य २४०६ वर आणि कन्नड शून्य ३३०२ वर आहे, तिथून पुढे नऊपर्यंत ओळीनं. तेवढं वजा करून इंग्रजी आकडा काढायचा.

चौथी जागा एल्मच्या बाहेर, एचटीएमएल पानावर. ॲप पानावर बसवणाऱ्या ‘एम्बेड’च्या जागी आता ‘इनिट’ लिहायचं आणि त्याला नोड (पानावरची जागा) व फ्लॅग (सुरुवातीची माहिती) एकाच ऑब्जेक्टमधून द्यायचे. जुनं ॲप दिलेल्या डिव्हच्या आत बसायचं. नवं त्या डिव्हचीच जागा घेतं, त्यामुळे त्या डिव्हच्या आयडीवर लिहिलेली सीएसएस लागू होत नाही. बाहेर आणखी एक डिव्ह घाला, काम झालं. आणि एल्ममध्ये न वापरलेला पोर्ट (एल्म आणि जावास्क्रिप्ट यांच्यातला निरोपाचा दरवाजा) अंतिम फाइलमधून गायब होतो. त्याला जावास्क्रिप्टमधून हाक मारली की पान तिथंच थांबतं. पोर्ट आहे का हे तपासून मगच हाक मारा.

पायरी ५: ताळा आणि बदली

छापून ठेवलेले आकडे नव्या ॲपमध्ये टाका. एका पैशाचाही फरक आला तर ‘राउंडिंगचं असेल’ म्हणून सोडू नका. बेरजेआधी पूर्णांक करायचं की नंतर, हे जुन्या कोडमध्ये कसं होतं ते बघा. मग ऑप्टिमाइझ पर्याय देऊन अंतिम फाइल बनवा आणि त्याच फाइलवर एकदा पुन्हा सगळं तपासा.

बदली करायची ती बिल वाटल्यानंतर, १, ११ किंवा २१ तारखेला, आणि सकाळचं संकलन आटोपल्यावर. फाइलचं नाव बदलून ठेवा, नाहीतर फोनच्या कॅशमधून जुनीच उघडत राहील. जुनी फाइल सर्व्हरवर तशीच असू द्या. पुढचं एक बिल नीट निघालं की मग ती पुसा आणि वही उघडा.