हेडस्टॉकच्या बोअरमधली पोकळी अशी घालवली

छोट्या लेथसाठी घरीच अॅल्युमिनियमचा हेडस्टॉक (लेथचा फिरणारा दांडा धरणारा भाग) ओतला होता. बाहेरून झकास दिसत होता, पण बेअरिंगसाठी बोअर (गोल भोक) करताना आत पोकळी उघडी पडली.

आधी ती कसली आहे ते नीट पाहिलं. वायूची छिद्रं गोल आणि आतून गुळगुळीत असतात. ही वेडीवाकडी, खरखरीत होती, म्हणजे आकुंचनाची. अॅल्युमिनियम गोठताना आकारमानाने साधारण ६ टक्के आटतं. पातळ बेस आधी गोठला, जाड बॉस (बेअरिंग बसतं तो फुगीर भाग) शेवटी, आणि तोवर त्याला रस (वितळलेला धातू) पुरवणारं काहीच उरलं नव्हतं. रस जास्त तापवून हे सुटत नाही. वितळबिंदू ६६० अंश सेल्सिअस. त्याच्या फार वर गेलं की हायड्रोजन जास्त विरघळतो आणि दुसरंच दुखणं मागे लागतं.

मग रायझर (गोठताना रस पुरवत राहणारा जादा साठा) थेट बॉसच्या डोक्यावर आणला, बॉसपेक्षा जाड आणि आखूड मानेचा. बेस-बॉसच्या कोपऱ्याला गोलाई दिली. ओतून होताच रायझरवर कोरडी राख टाकली, म्हणजे तो सगळ्यात शेवटी गोठतो. रस ७२० अंशांच्या आसपास ओतला. भंगारही बदललं: खिडक्यांच्या पट्ट्यांऐवजी जुने पिस्टन. त्यात सिलिकॉन भरपूर, त्यामुळे साचा छान भरतो. (मुशीत टाकण्याआधी प्रत्येक तुकडा तापवून कोरडा करा. ओलसर तुकडा रसात बुडाला की रस अंगावर उडतो.)

बोअर स्वच्छ निघाला. पोकळी आता रायझरमध्ये येते, आणि तो कापून पुन्हा मुशीत जातो.