परसबागेतील पांढरा भूर्ज: लागवड आणि निगा

भूर्जपत्र हा शब्द जुन्या पोथ्यांमुळे मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा असतो, परंतु ज्या झाडाची ती साल, ते झाड त्याने बहुधा पाहिलेले नसते. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर, जिथे इतर झाडे विरळ होऊ लागतात तिथे भूर्ज वाढतो. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना लागणाऱ्या भोजबासा या मुक्कामाचे नावही त्याच्यावरूनच पडले आहे. पश्चिम हिमालयातील अधिक शुभ्र सालीच्या प्रकाराला व्हिक्तोर जाकमाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव दिलेले असून, काश्मीर आणि हिमालयाचा मोठा प्रदेश पालथा घालून आलेला हा तरुण १८३२ मध्ये मुंबईत वारला. आज हाच भूर्ज ब्रिटनमधील बागांत हौसेने लावला जातो, आणि तिथे घर केलेल्या मराठी कुटुंबांसाठी व तशाच थंड हवेत राहणाऱ्यांसाठी पुढील माहिती दिली आहे. महाराष्ट्रात मात्र, अगदी महाबळेश्वरलाही, तो लावण्याचा प्रयत्न करू नये. या झाडाला हिवाळ्यात दीर्घ, कडक थंडीची विश्रांती लागते आणि ती तिथे मिळत नाही.

रोप निवडताना प्रथम जागा मोजावी. हिमालयीन भूर्ज बारा मीटरच्या पुढे सहज जातो. ‘डोरेनबोस’ आणि ‘ग्रेजवुड घोस्ट’ हे त्याचे दोन वाण सालीच्या शुभ्रपणासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. अंगण लहान असेल तर युरोपीय भूर्जाचा ‘यंगी’ हा झुकत्या फांद्यांचा, छत्रीसारखा पसरणारा वाण घ्यावा. अमेरिकेच्या उष्ण उन्हाळ्याच्या भागात राहणाऱ्यांनी मात्र पांढऱ्या सालीचा मोह आवरून नदीकाठच्या भूर्जाचा ‘हेरिटेज’ हा वाण लावावा, कारण तिथल्या खोडकिड्यापुढे युरोप-आशियातील भूर्ज तग धरत नाहीत आणि नदीकाठचा भूर्ज त्याला चांगला दाद देत नाही. रोपवाटिकेतील कोवळ्या रोपाची साल तपकिरी दिसली म्हणून ते नाकारू नये. पांढरेपणा काही वर्षांनी येतो.

जागा उघडी, भरपूर उन्हाची असावी आणि घराच्या भिंतीपासून किमान सहा-सात मीटर दूर असावी. जमीन चिकणमातीची असल्यास हे अंतर आणखी वाढवावे. जमीन किंचित आम्ल, ओलावा धरणारी पण पाणी न तुंबणारी असली की उत्तम, तरी हिमालयीन भूर्ज मातीबाबत फारसा हट्टी नाही. घरात परागकणांची अ‍ॅलर्जी असलेली व्यक्ती असेल तर लागवडीपूर्वीच नीट विचार करावा, कारण वसंत ऋतूत भूर्जाचे पराग हे उत्तर युरोपात या त्रासाचे एक मोठे कारण असते.

उघड्या मुळांचे रोप नोव्हेंबर ते मार्च या काळात, झाड निष्पर्ण असताना लावावे. कुंडीतील रोपही शरद ऋतूतच लावलेले बरे. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असावा, पण खोली गोळ्याइतकीच ठेवावी. खोड जिथे पसरून मुळांत मिसळते, तो भाग जमिनीच्या पातळीवर दिसलाच पाहिजे. खोल लावलेले झाड दोन-तीन वर्षे बरे दिसते आणि मग कारण न कळता खंगत जाते. माझा पहिला भूर्ज मी असाच गमावला. उपटून पाहिले तेव्हा खोडाचा मोठा भाग मातीत गाडलेला होता. खड्ड्यात शेणखत भरू नये, काढलेलीच माती परत घालून हलकी दाबावी. आधाराची काठी खोडाच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्याच उंचीवर बांधावी आणि दोन वर्षांनी काढून टाकावी.

पाणी हा भूर्जाच्या संगोपनातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका तिथेच हलगर्जीपणा होतो. या झाडाची मुळे उथळ पसरतात, त्यामुळे पृष्ठभागाची माती कोरडी पडली की त्याला लगेच ताण बसतो. इंग्लंडमध्ये वरचेवर पाऊस पडतो म्हणून पाणी घालायला नको, हा समज पहिल्या दोन उन्हाळ्यांत झाडाच्या जिवावर बेततो. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा आळे भरून, सावकाश मुरू देत पाणी द्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये आतल्या फांद्यांची पाने पिवळी होऊन गळू लागली तर ती बहुधा तहानेची खूण असते, रोगाची नव्हे. आळ्यात पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे, कुजलेल्या सालींचे किंवा पानांच्या खताचे आच्छादन पसरावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. खोडाभोवती हिरवळ असेल तर ती एक मीटर व्यासात काढून टाकावी. गवत मुळांच्या तोंडचे पाणी पिते, आणि गवत कापण्याच्या यंत्राने सालीला होणारी जखम कायमची राहते.

छाटणी जितकी कमी तितकी चांगली. हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात फांदी कापली तर जखमेतून रस बराच काळ गळत राहतो, म्हणून उन्हाळा उतरणीला लागल्यापासून ऐन हिवाळ्यापर्यंतच कात्री हाती घ्यावी. जाड फांद्या शक्यतो तोडू नयेत, कारण भूर्जाच्या मोठ्या जखमा सहज भरत नाहीत आणि तिथून बुरशी आत शिरते. कलमाच्या खालून फुटणारे कोंब मात्र दिसताक्षणी काढावेत, नाहीतर खालचे खुंटाचे झाड वाणावर मात करते. खोडावर गोल, मऊ, फळीसारखे पुढे आलेले भूछत्र दिसले तर आतले लाकूड कुजत असल्याचे समजून जाणकार वृक्षतज्ज्ञाला बोलवावे. असे झाड वाऱ्यात अचानक मोडते.

सालीचे पापुद्रे आपोआप सुटत असले तरी ते ओढून काढू नयेत. पापुद्रा कोवळा असताना ओढला तर खालची जिवंत साल उघडी पडते. दमट हवेत खोडावर हिरवे शेवाळ चढते, ते पानगळ झाल्यावर नोव्हेंबरच्या सुमारास कोमट पाणी आणि मऊ स्पंज वापरून, वरून खाली हलक्या हाताने पुसावे. साबण, ब्रश आणि जोराचा फवारा टाळावा. त्यानंतर बुंध्याभोवती हिमफुलांचे (स्नोड्रॉपचे) कंद लावायला जमीन मोकळी असते, मात्र कुदळीऐवजी हातखुरपे वापरावे, म्हणजे उथळ मुळे तुटणार नाहीत.