जुन्या बेळगावची गोष्ट लिहिताय? आधी पत्ता तपासा

गेल्या महिन्यात पुतणीनं तिची कथा वाचायला दिली. काळ 1965, गाव नंदगड. नातू मुंबईला नोकरीला आणि आजोबा त्याच्या पत्राची वाट बघताहेत. कथा चांगली उतरली होती. पण पाकिटावरचा पत्ता वाचला आणि मी थांबलो. त्यावर सहा आकडी पिनकोड होता.

‘काका, पत्ता म्हटल्यावर पिनकोड आलाच की!’

पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. मी 1975 मध्ये टपाल खात्यात लागलो, तेव्हाही निम्म्या पाकिटांवर तो नसायचा. सॉर्टिंगला बसलो की गावाचं नाव आणि तालुका बघूनच पत्र खणात टाकायचं. तिच्या पत्त्यात आणखी एक चूक होती, आणि माझ्या मते तीच मोठी. शेवटी ‘कर्नाटक’ लिहिलं होतं. 1965 मध्ये कर्नाटक नावाचं राज्यच नव्हतं. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलं, आणि त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं ते 1 नोव्हेंबर 1973 ला. इथल्या वाचकाला ही बारीकसारीक चूक वाटत नाही. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, या एका सीमाप्रश्नात ज्यांची उमर गेली, त्यांच्या गोष्टीत राज्याचं नाव चुकलं की पुढचं पान ते विश्वासानं वाचत नाहीत.

म्हणून सांगतो, आपल्या भागातली चाळीस-साठ वर्षांपूर्वीची गोष्ट लिहायला घेतलीत, तर नुसतं ‘साठच्या दशकात’ म्हणून भागवू नका. वर्ष ठरवा, जमलं तर तारीखही ठरवा. मग त्या तारखेचा वार आणि तिथी पंचांगात बघा. 1 नोव्हेंबर 1956 हा गुरुवार होता, आणि ऐन दिवाळीतला. त्या दिवसावरच्या दोन-तीन कथा मी वाचल्या. सगळ्यांत सभा आहे, घोषणा आहेत, पण एकाही दारात आकाशकंदील नाही, अभ्यंगस्नान नाही, फराळाचं ताट नाही. लेखकानं पंचांग उघडलं असतं तर एवढं मोठं दृश्य आयतं हाती लागलं असतं. भिंतीवर मात्र कालनिर्णय टांगू नका. ते 1973 पासूनचं.

दुसरं, घरातली पत्र्याची ट्रंक उघडा. आठवणीवर फार विसंबू नका, तिच्यात वर्षं एकमेकांत मिसळतात. आमच्या ट्रंकेत वडिलांनी आईला लिहिलेलं एक आंतर्देशीय आहे. घडीवर शाई फुटलीय, पण शिक्का स्वच्छ दिसतो, 1971 चा. पत्ता एवढाच: मु. पो. येळ्ळूर, ता. जि. बेळगाव. पिनकोड नाही आणि राज्यही नाही. आमच्याकडचे बरेच लोक राज्याचं नाव लिहीतच नसत. पत्र जिल्ह्यावर पोचायचं, आणि नको असलेलं नाव हातानं लिहावं लागायचं नाही. त्या मोकळ्या जागेत काय होतं ते मला लहानपणी कळलं नव्हतं. शिक्का असलेलं पाकीट, बसचं तिकीट, दुकानाची पावती, लग्नपत्रिका, असल्या तारीख असलेल्या कागदांवर भिस्त ठेवा. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली मिळाल्या तर मथळ्यांपेक्षा जाहिराती वाचा. कोणती वस्तू कधी विकायला आली ते तिथं कळतं.

पैशाचं जरा नीट समजून घ्या, कारण तिथं दोन्हीकडून चूक होते. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 नये पैसे झाले. ‘नये’ हा शब्द 1964 मध्ये गेला. पण बोलण्यातले आणे गेले नाहीत. 1985 मधली बाई ‘आठ आण्याचे चिरमुरे दे’ म्हणाली तर ते बरोबरच आहे, आम्ही तसंच म्हणत होतो. मात्र त्याच दुकानाच्या वहीत ‘4 आणे 6 पै’ लिहिलंत तर चूक. बदलाच्या दिवसांतली मजा तर वेगळीच आहे. एका आण्याला 6 नये पैसे, पण चार आण्यांना 25. आई सांगायची, एकेका आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर 24 पैसेच होतात, म्हणून ती मुद्दाम सुटं सुटं घ्यायची. एवढ्या एका प्रसंगात 1957 साल उभं राहतं.

गाड्यांच्या नंबरात बेळगावचं ‘केए 22’ घालायचं असेल तर ते 1989 नंतरच. पुणे-बेंगलोर राष्ट्रीय महामार्गाला 1981 च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनात कोणी ‘48 नंबर’ म्हणणार नाही, तेव्हा तो 4 होता. शहराचं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं 2014 मध्ये. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, म्हणजे 1955 च्या गोष्टीतला चंदगडचा माणूस जिल्ह्याच्या कामाला इकडंच येईल.

वस्तूंच्या चुका कोणीतरी दाखवतो. न दिसणारी चूक असते ती पात्रांना पुढचं माहीत असण्याची. 1954 च्या बेळगावात कोणी स्वतःला ‘सीमावासीय’ म्हणणार नाही, कारण आपण कुठल्या राज्यात जाणार हा वाद होता, पण सीमा पडायची होती. या सीमावादासाठी महाजन आयोग 1966 मध्ये नेमला आणि अहवाल आला 1967 च्या ऑगस्टमध्ये. मधले ते महिने लिहिताना पात्रांच्या तोंडी हताशपणा घालू नका. लोक आशेवर होते. निपाणी, खानापूर महाराष्ट्राला आणि बेळगाव शहर म्हैसूरकडंच, अशी आयोगाची शिफारस येणार हे त्यांना अजून कळायचं होतं. आपल्याला कळलेलं बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी बसणं फार जड जातं. मलाही जातं.

पुतणीनं कथा परत लिहून आणली. तिनं पिनकोड काढला होता. ‘कर्नाटक’ खोडून ‘म्हैसूर राज्य’ लिहिलं होतं, आणि मग तेही खोडलं होतं. तिच्या कथेतले आजोबा आता पत्ता सांगतात तो असा: मु. पो. नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव.