एसएसओ लावताय? मग या चुका टाळा, नाहीतर सोमवारी सकाळी फोन बंद ठेवा

एसएसओ म्हणजे सिंगल साइन-ऑन, एकाच लॉगिनने ऑफिसची सगळी अ‍ॅप्स उघडणं. सोमवारी सव्वानऊला एका मिनिटात तीन फोन आले की मी समजून जातो, लॉगिनच्या निरोपावर सही करायचं कुठलं तरी सर्टिफिकेट मुदत संपून गेलं. अकरा-बारा वर्षं हेच करतोय, आधी नुसतं एडी (मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, कंपनीतल्या युजर्सची यादी), मग एडीएफएस (त्याच एडीवरून बाहेरच्या अ‍ॅप्सचं लॉगिन), मग ओक्टा, आता जास्त करून एन्ट्रा (मायक्रोसॉफ्टचं क्लाउडवरचं, जुनं नाव अ‍ॅझ्युअर एडी, २०२३ मध्ये नाव बदललं आणि आमची सगळी डॉक्युमेंट्स एका दिवसात जुनी झाली) आणि एका क्लायंटकडे कीक्लोक. प्रॉडक्ट कुठलंही असो, लॉगिन बंद पडलं की लोक शिव्या सॉफ्टवेअरला घालतात आणि दोष शेवटी घड्याळात, कुणाच्या तरी आडनावात नाहीतर एचआरच्या एक्सेलमध्ये सापडतो. लॉगिनचं पान जोडणं एका दुपारचं काम आहे हो, समोरचा माणूस तोच आहे का आणि अजून आपल्याकडे आहे का हे सगळ्या सिस्टिम्सना एकसारखं कळवत राहणं, खरा घाम तिथे निघतो.

ईमेल म्हणजे माणूस नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि पहिल्या दिवशी ती चूक वाटतच नाही. सॅमलमध्ये (लॉगिनचे निरोप पाठवायची एक ठरलेली पद्धत) आयडीपी, म्हणजे ओळख पटवणारी एन्ट्रा-ओक्टासारखी सिस्टिम, अ‍ॅपला एक नेमआयडी (युजरची ओळख) पाठवतो आणि अ‍ॅप त्यावरून आपल्याकडचा युजर शोधतं. सेटअप करणारा तिथे ईमेल टाकतो, कारण वाचता येतो, व्हेंडरच्या गाइडमध्येही बऱ्याचदा तेच लिहिलेलं असतं, आणि टेस्टिंगमध्ये मस्त चालतं.

मग लग्नसराई येते. कुलकर्णी मॅडम देशपांडे होतात, एचआर आडनाव बदलतं, आयटी ईमेल बदलतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या खर्चाच्या बिलांचं अ‍ॅप उघडतात तर आत सगळं कोरं, कारण अ‍ॅपच्या मते ही कुणीतरी नवीनच बाई आली, त्याने गुपचूप नवीन अकाउंट बनवलं आणि जुनी बिलं जुन्या नावावर अडकून पडली. हे तरी बरं, ओरडायला माणूस असतो.

दुसरा प्रकार कुणी ओरडत नाही म्हणून जास्त वाईट. मोठ्या कंपनीत संतोष पाटील एक नसतो, कमीत कमी चार असतात. त्यातला एक नोकरी सोडून गेला, काही महिन्यांनी दुसरा जॉइन झाला, हेल्पडेस्कने पाहिलं संतोष डॉट पाटील रिकामा आहे, दिला. आता या नव्या पोराने पर्चेसचं अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की त्याला जुन्या पाटलांचं अकाउंट मिळतं, अप्रूव्हलच्या अधिकारासकट. कुणी हॅक केलं नाही, पासवर्ड चोरला नाही, सिस्टिमने स्वतःच्या हाताने किल्ली दिली. आमच्याकडे हे कळलं कसं, तर त्या पोरानेच येऊन विचारलं की सर माझ्याकडे एवढ्या मोठ्या रकमा अप्रूव्हलला का येतायत.

म्हणून ओळख म्हणून न बदलणारी गोष्ट पाठवा. एडीमध्ये ऑब्जेक्ट जीयूआयडी आहे, एन्ट्रामध्ये ऑब्जेक्ट आयडी आहे. सॅमलऐवजी ओआयडीसी ही लॉगिनची दुसरी पद्धत असेल तर स्टँडर्डमध्येच लिहिलंय की 'सब' (सब्जेक्ट) हा क्लेम, म्हणजे टोकनमधली माणसाच्या ओळखीची नोंद, त्या आयडीपीमध्ये पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नाही, त्यामुळे आयडीपीचं नाव आणि सब मिळून माणूस ओळखा. फक्त लक्षात ठेवा, एन्ट्रामध्ये सब प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळा येतो, दोन अ‍ॅपमधला माणूस जुळवायचा असेल तर ऑब्जेक्ट आयडीच घ्या. एम्प्लॉयी नंबर चालेल का असं सगळे विचारतात. चालेल, पण आधी एचआरला विचारा की कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस पर्मनंट झाला की नंबर बदलतो का. बऱ्याच ठिकाणी बदलतो.

आणि हो, काही अ‍ॅप्स कॅपिटल-स्मॉल अक्षरांत फरक करतात. ईमेल तोच, पहिलं अक्षर कॅपिटल, म्हणून युजर सापडत नाही. यात माझी एक पूर्ण दुपार गेलीय.

सर्टिफिकेट, आणि त्याची आठवण कुणाला जाते

एन्ट्रामध्ये सॅमल अ‍ॅपचं सही करायचं सर्टिफिकेट डिफॉल्ट ३ वर्षांचं असतं. संपायच्या ६०, ३० आणि ७ दिवस आधी मेल येतो, पण कुणाला? ज्याने अ‍ॅप जोडलं त्याला. तो तीन वर्षांत दोन कंपन्या बदलून आता बंगळुरूला असतो. तिथे टीमचा ग्रुप मेल टाका, पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा. एडीएफएस अजून वापरत असाल तर तिथे उलटी गंमत, ऑटो रोलओव्हर चालू असेल तर सर्टिफिकेटचं वर्ष संपायच्या २० दिवस आधी ते स्वतःच नवीन सर्टिफिकेट बनवतं आणि ५ दिवसांनी तेच मुख्य करून टाकतं. समोरचं अ‍ॅप मेटाडेटा (सर्टिफिकेटची माहिती असलेली फाइल) आपोआप वाचत नसेल तर जुनं सर्टिफिकेट अजून वैध असताना लॉगिन बंद, आणि तुम्ही एक्सपायरीची तारीख बघून डोकं खाजवत बसता.

बदलताना आधी अ‍ॅपला विचारा, एका वेळी दोन सर्टिफिकेट ठेवता येतात का. येत असतील तर नवीन आधी तिकडे टाका, मग इकडे अ‍ॅक्टिव्ह करा. येत नसतील तर रात्रीची वेळ मागून घ्या, दिवसा हात लावू नका.

घड्याळाचं थोडक्यात सांगतो. एडीमध्ये कर्बेरॉसला (एडीची लॉगिन तपासायची पद्धत) डिफॉल्ट फक्त ५ मिनिटांचा फरक चालतो, आणि सॅमलच्या निरोपातही कधीपासून कधीपर्यंत चालेल ती वेळ लिहिलेली असते. "कधी चालतं कधी नाही" अशी तक्रार आली की लोड बॅलन्सरमागच्या (सर्व्हर्समध्ये काम वाटून देणारा) प्रत्येक सर्व्हरची वेळ बघा, त्यातला एखादा, बहुतेक स्नॅपशॉटवरून (जपून ठेवलेली जुनी प्रत) परत उभा केलेला, मागे राहिलेला असतो.

माणूस गेला, त्याचं अकाउंट नाही गेलं

एडीत अकाउंट डिसेबल केलं म्हणजे झालं, असं मानणारे अजून खूप आहेत. एसएसओ फक्त दारावर विचारतं, जो आधीच आत बसलाय त्याला ते उठवत नाही. एन्ट्राचा अ‍ॅक्सेस टोकन (आत राहायचा तात्पुरता पास) साधारण ६० ते ९० मिनिटं चालतो, त्यापुढे अ‍ॅपची स्वतःची कुकी असते, ती काही ठिकाणी कित्येक दिवस चालते. सेशन्स रिव्होक करा, म्हणजे चालू लॉगिन रद्द करा, आणि अ‍ॅपकडे स्किम (दुसऱ्या सिस्टिममधून अकाउंट आपोआप बनवायची-बंद करायची पद्धत) असेल तर अकाउंट तिथूनही बंद होईल असं जोडा. एन्ट्राचं स्किम साधारण ४० मिनिटांनी एकदा फिरतं, त्यामुळे शिस्तभंगाच्या केसमध्ये त्यावर विसंबू नका, ऑन डिमांड चालवा. शिवाय अ‍ॅपमध्ये एसएसओच्या आधीचा लोकल पासवर्ड राहिलाय का, एपीआय की (प्रोग्रामने आत शिरायची किल्ली) काढून ठेवलीय का, हे बघायचं कुणाच्याच लक्षात नसतं.

आपल्याकडे यात खरा खड्डा म्हणजे थर्ड पार्टी पेरोलवरची माणसं. ती एचआरच्या सिस्टिममध्ये नसतातच, मॅनेजरच्या मेलवरून अकाउंट बनतं आणि जाताना मॅनेजर मेल करत नाही. अशा अकाउंटला बनवतानाच ९० दिवसांची मुदत टाका, वाढवायची असेल तर मागू दे. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत कोलोनियल पाइपलाइन ही इंधनाची पाइपलाइन बंद करावी लागली, ती वापरात नसायला हवी होती अशा एका जुन्या व्हीपीएन अकाउंटमुळे, ज्यावर एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक खात्री) नव्हतं.

उलट्या बाजूची चूकही सांगतो. एडीतले युजर्स एन्ट्राला पाठवणाऱ्या सिंकमध्ये ओयूचा (एडीतला युजर्सचा कप्पा) फिल्टर बदलताना एक टिक निघाली की हजारो युजर्स डिलीट करायची तयारी होते. हे सिंक करणारं एन्ट्रा कनेक्ट डिफॉल्ट ५०० च्या वर डिलीट असतील तर थांबतं, आणि लोक ते थांबणं त्रासदायक म्हणून बंद करून ठेवतात. करू नका.

साहेबांना अ‍ॅक्सेस डिनाइड, फ्रेशर आत

ही तक्रार आली की मी आता थेट ग्रुप मोजतो. एन्ट्रा सॅमलमध्ये १५० आणि जेडब्ल्यूटीमध्ये (ओआयडीसीचं टोकन) २०० पर्यंतच ग्रुप पाठवतं, त्यापुढे गेलं की ग्रुपची यादी न देता नुसती लिंक देतं, की जा आणि ग्राफला (मायक्रोसॉफ्टचा एपीआय) विचार. अ‍ॅपला ते जमत नाही. पंधरा वर्षं नोकरी झालेल्या माणसाकडे प्रत्येक प्रोजेक्टचे ग्रुप साठलेले असतात, म्हणून नेमका तोच अडकतो. अ‍ॅपला नेमलेले ग्रुपच पाठवा नाहीतर अ‍ॅप रोल्स (त्या अ‍ॅपसाठी ठरवलेल्या भूमिका) वापरा. आणि ग्रुपच्या आत ग्रुप ठेवून अ‍ॅपला नेमला तर आतल्या लोकांना अ‍ॅक्सेस मिळत नाही, ५०१०५ नंबरचा एरर येतो.

एमएफए लावलं म्हणून निवांत बसू नका

सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कॉन्ट्रॅक्टरला अ‍ॅप्रूव्ह करा म्हणून रिक्वेस्टवर रिक्वेस्ट आल्या आणि शेवटी त्याने एक दाबली, हल्लेखोर आत. मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून ऑथेंटिकेटरच्या पुश नोटिफिकेशनला स्क्रीनवरचा नंबर टाकणं सक्तीचं केलं ते अशाच प्रकारांमुळे, दुसरं काही वापरत असाल तर तिथेही चालू करा. चाकणसारख्या ठिकाणी प्लँटमध्ये मात्र वेगळीच अडचण, शॉप फ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी, मग सुपरवायझर एकच लॉगिन बनवतात आणि तिन्ही शिफ्ट तेच वापरतात. त्यांना ओरडून उपयोग नाही, फिडो की (लॉगिनसाठीची छोटी हार्डवेअर किल्ली) द्या.

आणि स्वतःला बाहेर कोंडू नका. मी एकदा शुक्रवारी संध्याकाळी भारताबाहेरून लॉगिन बंद अशी पॉलिसी सगळ्या युजर्सना लावली, आमचं इंटरनेट बाहेर पडताना सिंगापूरच्या आयपीवरून पडतं हे विसरून. मी स्वतःच बाहेर. वाचलो ते इमर्जन्सी अकाउंटमुळे. अशी दोन अकाउंट ठेवा, क्लाउडवरच बनवलेली, अशा पॉलिसींतून वगळलेली, त्यांच्या फिडो की दोन वेगळ्या जागी. नवीन पॉलिसी आधी रिपोर्ट ओन्लीवर (नुसती नोंद, अडवणूक नाही) ठेवा. आणि शुक्रवारी तर नकोच.

बिघडलंच तर बघायचं कुठे

आधी विचारा, एकालाच की सगळ्यांना, एकच अ‍ॅप की सगळी. मग प्रायव्हेट विंडोत करून बघा, निम्मे घोळ जुन्या कुकीचे निघतात. मग आयडीपीचा साइन-इन लॉग, तिथे सक्सेस दिसत असेल तर भांडण अ‍ॅपवाल्याशी आहे, आयडीपीत वेळ घालवू नका. सॅमल ट्रेसर हे ब्राउझरचं एक्स्टेंशन टाका आणि खरंच काय पाठवलं गेलं ते डोळ्यांनी बघा, नेमआयडी, ऑडियन्स (निरोप कुठल्या अ‍ॅपसाठी आहे), वेळ. ५००११ नंबरचा एरर आला तर रिप्लाय युआरएल (लॉगिननंतर परत जायचा पत्ता) अक्षर-अक्षर जुळवा. आमच्याकडे एकदा व्हेंडरबरोबर दोन तास कॉल चालला, सात जण लाइनवर, दोन्ही बाजूंचे आर्किटेक्ट, आणि फरक निघाला शेवटच्या एका स्लॅशचा, जो आमच्याकडे होता आणि त्यांच्याकडे नव्हता.