कार्टिंगच्या लॅपची वेळ लॅपटॉपवर कशी नोंदवावी

भाच्याच्या कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाड्यांच्या, सरावाला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हातात साधं स्टॉपवॉच होतं. सकाळच्या सेशनला वेळ मी घेतली. मग मेकॅनिकने मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, एका दाताने मोठं बसवलं. मला पाणी आणायला जायचं होतं, म्हणून दुपारी घड्याळ दाजींकडे दिलं. संध्याकाळी कागद बघितला तर दुपारचा सर्वोत्तम लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, सकाळपेक्षा ०.३ सेकंदाने कमी. सगळे खूश झाले. स्प्रॉकेट तेच ठेवायचं ठरलं.

घरी येऊन आकडे नीट लावले तेव्हा खरा प्रकार कळला. त्या सर्वोत्तम लॅपच्या आधीचा लॅप नेमका ०.३ सेकंदाने जास्त होता. कार्ट रेषेवरून गेली तेव्हा दाजींचं बटण जरा उशिरा दाबलं गेलं होतं, त्यामुळे आधीचा लॅप लांबला आणि पुढचा तेवढाच आखूड झाला. वेग वाढलाच नव्हता. एका उशिरा दाबलेल्या बटणावर आम्ही गाडीचा गिअर ठरवून बसलो होतो.

हाताने वेळ घेताना मुळात हीच अडचण असते. दर वेळी सारखाच उशीर झाला तर काही बिघडत नाही, कारण लॅपची वेळ म्हणजे दोन नोंदींमधला फरक आणि सारखा उशीर वजाबाकीत निघून जातो. घात होतो तो कमी-जास्त उशिराने. त्यात आपण फक्त सर्वोत्तम लॅपकडे बघितलं, तर सगळ्यात मोठी चूकच सगळ्यात चांगली वेळ म्हणून पुढे येऊ शकते. म्हणून वेळ घ्यायची तर प्रत्येक लॅपची घ्यावी, आणि नंतर तपासता येईल अशी घ्यावी. त्यासाठी महागडं काही लागत नाही. मोबाइल, ट्रायपॉड, लॅपटॉप आणि दोन मोफत सॉफ्टवेअर एवढ्यात काम होतं.

तयारी

मोबाइलच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ १०८० पिक्सेल आणि सेकंदाला ६० फ्रेम यावर ठेवा. फोर-के नको, फ्रेम जास्त हव्यात. कार्ट ताशी ७२ किलोमीटरने येत असेल तर ती सेकंदाला २० मीटर जाते. ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मध्ये ती सुमारे ६७ सेंटिमीटर सरकते, ६० फ्रेमच्या व्हिडिओत ३३. एवढ्यासाठीच हा आग्रह. आयफोन असेल तर फॉरमॅटमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडा, म्हणजे जुन्या लॅपटॉपवरही व्हिडिओ अडखळत नाही.

मिनिटाला साधारण २०० एमबी जागा धरा. १५ मिनिटांच्या सेशनला तीन जीबी, आणि दिवसाला सहा सेशन असतील तर हिशोब आदल्या रात्रीच करून ठेवा. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग थांबायची भीती असते. एप्रिल-मेच्या उन्हात मोबाइल तापून कॅमेरा स्वतःहून बंद पडतो. ट्रायपॉडला एक छत्री बांधली की हा त्रास बराच कमी होतो.

लॅपटॉपवर ॲव्हिडेमक्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते व्हिडिओ कापण्या-जोडण्यासाठी आहे, पण आपल्याला त्याचा एकच गुण हवा आहे: ते प्रत्येक फ्रेमची वेळ मिलिसेकंदापर्यंत दाखवतं. फ्रेम मोजून ६० ने भागायचा मोह टाळा. मोबाइलचा व्हिडिओ कागदोपत्री ६० फ्रेमचा असला तरी प्रत्यक्षात फ्रेममधलं अंतर थोडं मागेपुढे होत असतं. फ्रेमवर नोंदलेली वेळ घेतली की तो प्रश्न उरत नाही. नोंदींसाठी एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क, जे सवयीचं असेल ते.

कॅमेरा कुठे ठेवायचा

सगळ्या कामात इथेच सर्वांत जास्त वेळ द्यावा. रेषेच्या अगदी समोर, म्हणजे ट्रॅकला काटकोनात उभं राहायचं. पडद्यावर बघितलं की फिनिशची पांढरी रेषा तिरपी न दिसता सरळ उभी दिसली पाहिजे. कॅमेरा बाजूला सरकला तर आतल्या कडेने जाणारी आणि बाहेरच्या कडेने जाणारी कार्ट रेषेवर वेगवेगळ्या जागी आल्यासारखी दिसते. मग एकाच ड्रायव्हरने एका लॅपला आतून आणि पुढच्या लॅपला बाहेरून रेषा ओलांडली की वेळेत नसलेला फरक दिसू लागतो.

रेषा पुसट असेल तर पलीकडच्या कुंपणाचा खांब किंवा टायरच्या भिंतीवरची एखादी खूण धरा. कुंपणाच्या आत जायचं नाही. मार्शलला, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याला, विचारूनच जागा घ्यायची. कार्टला सस्पेन्शन नसतं, ती कर्बवरून उडून कुठेही जाऊ शकते, आणि त्या वेळी आपली नजर मोबाइलच्या पडद्यावर असते.

फोकस आणि उजेड लॉक करा. पहिली कार्ट पिटमधून, म्हणजे गाड्या उभ्या असतात त्या जागेतून, निघायच्या आधी रेकॉर्डिंग सुरू करा आणि शेवटची आत येईपर्यंत थांबवू नका. एकदा थांबवून पुन्हा सुरू केलं की वेळेचा धागा तुटला.

व्हिडिओतून वेळा काढणे

व्हिडिओ केबलने लॅपटॉपवर घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवू नका, तिथे तो दाबला जातो आणि बऱ्याचदा फ्रेमही कमी होतात. हे वाक्य मी प्रत्येक नवीन पालकाला दोनदा सांगतो.

ॲव्हिडेमक्समध्ये फाइल उघडा. डाव्या-उजव्या बाणाने एकेक फ्रेम मागे-पुढे जाता येतं, वर-खालच्या बाणांनी मोठ्या उड्या मारता येतात. आता ठरवा की कार्टचा कोणता भाग रेषेवर आला म्हणजे लॅप झाला. नाकाचं टोक सगळ्यात सोयीचं, शिवाय क्रमांकाची पाटीही तिथेच असते. नाक रेषेपलीकडे गेलेलं दिसेल ती पहिली फ्रेम धरायची, दर वेळी तीच. खाली दिसणारी वेळ शीटमध्ये लिहायची. पहिले दोन लॅप शोधायला वेळ लागतो. एकदा लॅप ४७ सेकंदांच्या आसपास आहे हे कळलं की स्लायडर तेवढा पुढे ओढायचा, कार्ट जवळपासच सापडते. दहा लॅपचं सेशन मला आता पाच-सहा मिनिटांत उतरवता येतं.

शीट अशी मांडा

इथे एक खड्डा आहे. एक्सेलमध्ये मिलिसेकंदासह वेळ वेळेच्याच स्वरूपात टाकली, तर सेलमध्ये ती बरोबर बसते, पण वरच्या फॉर्म्युला पट्टीत पूर्ण सेकंदच दिसतात. नंतर त्या सेलमध्ये शिरून नुसतं एंटर दाबलं तरी मिलिसेकंद उडतात, आणि आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून वेळेचं स्वरूप वापरूच नका. साधे आकडे ठेवा.

ए स्तंभात कार्टचा क्रमांक, बीमध्ये मिनिटं, सीमध्ये दशांशासह सेकंद, डीमध्ये एकूण सेकंद, ईमध्ये लॅप, एफमध्ये शेरा. दुसऱ्या ओळीत डीचं सूत्र बी२ गुणिले ६० अधिक सी२. तिसऱ्या ओळीपासून ईमध्ये इफ वापरायचं: ए३ आणि ए२ सारखे असतील तर डी३ वजा डी२, नसतील तर सेल रिकामा. सूत्रातली अक्षरं अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची. मग दोन्ही सूत्रं खालपर्यंत ओढून घ्या.

एकापेक्षा जास्त कार्ट असतील तर नोंदी जशा दिसतील तशा लिहीत जा आणि शेवटी आधी कार्ट क्रमांकाने, मग एकूण सेकंदांनी क्रम लावा. इफचं सूत्र एका कार्टची वेळ दुसऱ्या कार्टमधून वजा होऊ देत नाही.

भाच्याच्या एका सेशनमधल्या तीन नोंदी बघा. २ मिनिटं १४.३८३ म्हणजे १३४.३८३ सेकंद. पुढची ३ मिनिटं २.११७, म्हणजे १८२.११७. त्यापुढची ३ मिनिटं ४९.५०१, म्हणजे २२९.५०१. लॅप झाले ४७.७३४ आणि ४७.३८४. पण शेवटचा आकडा लिहू नका. एक फ्रेम म्हणजे सुमारे ०.०१७ सेकंद, आणि तेवढी चूक प्रत्येक लॅपमध्ये असू शकते. ४७.७३ आणि ४७.३८ एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं, आणि त्यातलाही शेवटचा अंक सैल आहे. दोन लॅपमध्ये दोन शतांशांचाच फरक असेल तर ते सारखेच धरा. ही चूक साचत मात्र नाही. पहिली आणि दहा लॅपनंतरची नोंद घेऊन १० ने भागलं, तर सरासरी लॅप दोन-तीन मिलिसेकंदांच्या आत बरोबर येतो.

उतरवून झाल्यावर एकदा ताळा करा. एका कार्टच्या सगळ्या लॅपची बेरीज म्हणजे तिची शेवटची नोंद वजा पहिली नोंद. जमलं नाही तर कुठेतरी सूत्र तुटलं आहे. आणि एखादा लॅप बरोबर दुप्पट दिसला, तर मधली एक नोंद राहून गेली आहे.

आकडे वाचायचे कसे

त्याच सेशनचे भाच्याचे सात लॅप: ४८.६२, ४७.७३, ४७.३८, ४९.८०, ४७.४१, ४७.४६, ४७.५२. त्याच्या मित्राचे: ४८.९०, ४७.२१, ४८.३५, ४८.०२, ४८.६६, ४७.९५, ४८.४१. नुसते सर्वोत्तम लॅप बघितले तर मित्र ०.१७ सेकंदाने पुढे, आणि पोरं पिटमध्ये तेवढंच बोलत होती. आता मीडियन हे फंक्शन लावा, म्हणजे लॅप चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा. भाच्याचा ४७.५२, मित्राचा ४८.३५. सात लॅपची बेरीज भाच्याची ३३५.९२ सेकंद, मित्राची ३३७.५०. चौथ्या लॅपला एका हळू कार्टमागे अडकून दोन सेकंदांहून जास्त घालवूनही भाचा दीड सेकंद पुढे होता.

ते दोन सेकंद कशात गेले हे शेऱ्याच्या स्तंभामुळे कळलं. व्हिडिओत समोरची कार्ट दिसत होती, म्हणून ‘ट्रॅफिक’ असं लिहून ठेवलं होतं. नसतं लिहिलं तर महिन्याभराने कोणीतरी विचारलं असतं की या लॅपला चुकलास कुठे, आणि पोराकडे उत्तर नसतं. तो लॅप पुसायचा नाही. शेरा लिहून ठेवून द्यायचा.

मला विचाराल तर मुलाला सर्वोत्तम लॅप दाखवण्याआधी मीडियन दाखवावा. त्याने काय सुधारायचं ते तिथे दिसतं.

जीपीएस ॲप आणि ट्रान्सपॉन्डर

रेसक्रोनोसारखं ॲप मोबाइलच्या जीपीएसवर लॅप मोजतं आणि ट्रॅकच्या कोणत्या भागात वेळ गेला तेही सांगतं. व्हिडिओला हे जमत नाही. पण मोबाइलचं जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच जागा नोंदवतं, म्हणजे दोन नोंदींमध्ये कार्ट २० मीटर गेलेली असते आणि रेषा ओलांडल्याचा क्षण ॲप अंदाजाने काढतं. सेकंदाला १० किंवा २५ नोंदी देणारा वेगळा ब्लूटूथ रिसीव्हर जोडला की चित्र बरंच सुधारतं. ॲपमध्ये फिनिशची रेषा स्वतः आखताना ती सरळ भागात, वेग फार बदलत नाही अशा जागी आखा. मोबाइल स्टिअरिंगला बांधू नका. त्या थरथरीने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं.

स्वतःची कार्ट असेल तर इटलीच्या एआयएम कंपनीचं मायक्रॉन हे लॅपची वेळ नोंदवणारं उपकरण स्टिअरिंगवर बसवता येतं. त्याची माहिती वाचायचं रेस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

स्पर्धेत मात्र ट्रान्सपॉन्डरच. कार्टवर बसवलेली छोटी डबी स्वतःचा वेगळा क्रमांक सतत सोडत असते, ट्रॅकखाली पुरलेली तारेची लूप तो पकडते, डिकोडर वेळेचा शिक्का मारतो आणि संगणकावरचं सॉफ्टवेअर यादी बनवतं. नेदरलँड्सच्या मायलॅप्सची यंत्रणा आणि तिचं ऑर्बिट्स सॉफ्टवेअर जगभर वापरात आहे. तिथे हजारावा भाग दाखवतात, आणि तोही कधी अपुरा पडतो. १९९७ मध्ये हेरेथला फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत व्हिलनव्ह, शूमाकर आणि फ्रेंट्झेन या तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद आली. ज्याने ती आधी नोंदवली त्या व्हिलनव्हला पहिली जागा मिळाली.

कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर रोटॅक्स इंजिनांच्या राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. अशी फेरी बघायला गेलात तर निकालाच्या एका पानावर समाधान मानू नका. प्रत्येक लॅपची यादी निघते, ती मागून घ्या. भाड्याच्या कार्ट चालवणाऱ्या बऱ्याच ठिकाणीही ती ईमेलने मिळते. तिथले आकडे वरच्याच शीटमध्ये थेट ई स्तंभात टाका.

भाड्याच्या कार्टबाबत एक नोंद कधीही चुकवू नका, ती कार्टच्या क्रमांकाची. एकाच ताफ्यातल्या दोन कार्टमध्ये अर्ध्या सेकंदाचा फरक सहज असतो. आमच्या फाइलचं नाव तारीख, ट्रॅक, सेशन आणि कार्ट क्रमांक या क्रमाने असतं, आणि शीटच्या पहिल्या ओळीत ड्रायव्हरचं वजन, टायरचा दाब आणि ट्रॅक कोरडा की ओला एवढं लिहिलेलं असतं. मूळ व्हिडिओ मी त्या मोसमाच्या शेवटापर्यंत पुसत नाही.

स्प्रॉकेटचा प्रयोग आम्ही नंतर पुन्हा केला. सकाळ-दुपार एकाच ट्रायपॉडवरून, दोन्ही स्प्रॉकेटवर दहा-दहा लॅप. मीडियनमधला फरक ०.०४ निघाला, आणि मेकॅनिकने जुनं स्प्रॉकेट परत बसवलं.