नुअर्कचे मातीचे बांध बघायला निघण्याआधी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात होपवेल संस्कृतीच्या मूळ अमेरिकी लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी मातीचे बांध घालून वर्तुळ, अष्टकोन अशा अवाढव्य आकृत्या रचल्या, ते हे बांध. जीपीएसमध्ये 'नुअर्क, ओहायो' असंच टाका. विमानतळाचं नुअर्क न्यू जर्सीत आहे. कोलंबसहून तासाभरात पोचाल. शूज पाणी न शिरणारे हवेत, कारण सकाळचं गवत ओलंचिंब असतं. उन्हाळ्यात पूर्ण पँट घाला आणि परतल्यावर गोचीड तपासा. पाणी, टोपी हे सांगायला नको.

नकाशा मात्र विसरू नका, आणि तो कागदावर छापून घ्या. मी पहिल्यांदा तशीच गेले, तर समोर गवताचा लांबलचक बांध दिसला, बाकी काहीच उमगेना. वर्तुळाचा व्यास ३२१ मीटर, त्याला जोडलेला अष्टकोन सुमारे ५० एकरांचा. उभ्या नजरेत हे मावतच नाही. नकाशावर बोट ठेवत चाला. अष्टकोनाच्या कोपऱ्यांत बांध तुटतो आणि त्या फटीसमोर मातीचा छोटा उंचवटा येतो. तिथे थांबा. चंद्र १८.६ वर्षांच्या फेऱ्यात उत्तरेला जिथवर जाऊन उगवतो, तिकडेच या रचनेचा मुख्य अक्ष रोखलेला आहे. सोबत होकायंत्र असू द्या. 'ग्रेट सर्कल' या नुअर्कमधल्याच दुसऱ्या मोठ्या वर्तुळात खंदक बांधाच्या आतल्या बाजूला आहे, हेही नीट बघा. शत्रूला अडवायचं असतं तर तो बाहेर खणला असता.

दुसरा दिवस चिलिकोथीसाठी राखाच. सुमारे ९५ किलोमीटरवरच्या त्या गावाजवळ 'हाय बँक' इथे जवळपास याच मापाचं वर्तुळ आहे, तेही अष्टकोनाला जोडलेलं, आणि त्याचा अक्ष नुअर्कच्या अक्षाशी काटकोनात. हा योगायोग मला तरी पटत नाही. दोन्ही ठिकाणं सरळ रस्त्याने जोडलेली होती, असं पुरातत्त्वज्ञ ब्रॅडली लेपर यांनी १९९०च्या दशकात मांडलं. नुअर्कहून निघणाऱ्या समांतर बांधांचा सुरुवातीचा भाग जुन्या नकाशांत आहे. पुढच्या वाटेवर अजून वाद आहे. हाय बँक एरवी बंद असतं, म्हणून तिथल्या राष्ट्रीय उद्यानात आधी चौकशी करा. त्याच उद्यानातल्या 'माउंड सिटी'च्या संग्रहालयाला दोन तास द्या: सुपीरियर सरोवराकडचं तांबं, अ‍ॅपलाचियन डोंगरांतलं अभ्रक, दूरच्या समुद्राचे शंख. यलोस्टोनचा काळा ज्वालाकाचही होपवेल लोकांपर्यंत पोचला होता. चाक नाही, घोडा नाही, आणि हे सगळं दोन हजार वर्षांपूर्वी.

बांधावर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. शॉनी या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांना ही जागा पवित्र आहे, आणि त्यांना १८३०च्या सुमारास ओहायोतून हाकललं गेलं. अष्टकोनावर तर कित्येक दशकं गोल्फ चालायचा. अष्टकोन २०२५च्या १ जानेवारीपासून सगळ्यांना रोज खुला झाला. पोरांना हे गाडीतच सांगून ठेवा.